सकाळचं अक्षर

माझ्या दोन अक्षरांबद्दल शिरपुरात जे बोललं जातं, ते तुमच्या कानावर आलं असेल तर आधी पुसून टाका. म्हणे कस्तुराची वही धर्मशाळेतले मुनीमजी लिहून देतात. म्हणे पोरगी नुसती मिरवते. लिहिणारी मी, हात माझे, तेव्हा खरं काय ते मीच सांगते.

मी शालिग्रामची पोरगी, वय चौदा, मराठी सातवीत. वर्गात आम्ही एकोणीस. अठरा पोट्टे आणि एक मी. आमच्या घरात लिहिता येणारीही मी एकटीच. बाबा अंगठा देतात, माय अंगठासुद्धा देत नाही, कारण तिला कोणी मागत नाही.

तर गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून माझी बोटं सकाळी माझी नसतात. झोपेतून उठावं तर मुठी वळलेल्या, पेरं बोरांएवढी फुगलेली, कातडी ताणून चकचकीत, आणि हात लावला तर आतून गरम. एकेक बोट दुसऱ्या हाताने सोडवावं लागतं, आणि दुसरा हात तरी कुठला शहाणा! मनगटं तशीच. गुडघेही. कधी जबडासुद्धा, मग भाकर दुधात भिजवून गिळायची. पण सूर्य चढतो तशी एकेक गाठ सुटत जाते. दहा वाजता भाकर मोडता येते, अकराला टाक धरता येतो, आणि बारा वाजता माझ्यासारखं अक्षर वर्गात कोणाचं नाही. हे मी गर्वाने म्हणते, कारण खरं आहे.

आमच्या घरात सोजरबाई आत्याचा शब्द चालतो. बाबांची मोठी बहीण. अठराव्या वर्षी तिचं कुंकू गेलं, तेव्हापासून ती आमच्याकडे. बियाणं कोणतं पेरायचं, म्हैस कधी विकायची, सगळं आत्या ठरवते आणि बाबा 'हं' म्हणतात. माझ्या दुखण्यावर आत्याचं म्हणणं सरळ होतं.

"जातं दिसलं का पोट्टीचे बोटं दुखतेत. पाटी दिसली का दुखत नाई. असा कोनता रोग हाय वं, ज्याले घड्याळ समजते?"

जातं पहाटे असतं आणि शाळा अकराला, एवढीच गोष्ट होती. पण ती सांगायला गेले की आत्या हसायची. "पाहा, वकीलीन."

उपाय झाले नाहीत असं नाही. एरंडेल चोळलं. निर्गुडीचा पाला बांधला. बिब्बा लावला, त्याने बोटं अशी उतली की मूळचं दुखणं बरं वाटलं. दर्ग्याचा ताईत आणला, तो अजून दंडाला आहे. वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली. दुखत होती बोटं, पाहिली जीभ! "वाढीचं वय आहे," म्हणाले, आणि लाल पाण्याची बाटली दिली. कोणी म्हणालं वात, कोणी म्हणालं रक्त तापलं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. नाव कोणालाच सापडलं नाही. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच: हाताला पाणी लावू नको, हात हालवू नको, बांधून ठेव. दीड वर्ष मी ऐकलं. रोज जुन्या लुगड्याच्या चिंध्या मनगटापासून नखापर्यंत गुंडाळून झोपायची, आणि रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त लाकूड होऊन उठायची.

तरी शाळा चालली होती. अकराची शाळा माझ्या हातांना मानवत होती. मग होळी झाली आणि एकदम दोन गोष्टी घडल्या. जुने गुरुजी बदलून गेले, दौलतसिंग गुरुजी आले. आणि उन्हामुळे शाळा सकाळची झाली. सात वाजता.

पहिल्याच गुरुवारी गुरुजींनी शुद्धलेखन घातलं. मी दोन्ही हातांनी टाक धरला. शाई पानावर, ओढणीवर, शेजारच्या पोट्ट्याच्या टोपीवर. गुरुजी माझ्यापाशी आले, कागद उचलला, मग माझी घरची वही उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली.

"ही वही कोणाची?"

"माझी, गुरुजी."

"आणि हे? हे कोणी लिहिलं, कोंबडीने?"

अठरा पोट्टे हसले. मोजले मी.

"थे बी माझंच."

"वहीतलं अक्षर धर्मशाळेच्या मुनीमजींसारखं वळणदार आहे. कोणाकडून लिहून आणतेस?"

माझे कान तापले. "कोनाकडूनच नाई. तुमी दुपारी पाहा ना, गुरुजी. बारा वाजता या, तुमच्या समोर बसून लिहून दावतो."

"बारा वाजता!" गुरुजींनी चष्मा काढला. ते रागीट नाहीत, हे मी आता म्हणू शकते. त्या दिवशी म्हटलं नसतं. "परीक्षा सकाळी सातला आहे. शाळा तपासणारे डिपोटी साहेब घोड्यावर येतात आणि ऊन चढायच्या आत परत जातात. ते तुझ्या बाराची वाट पाहत बसतील? तुझं नाव पाठवलं आणि तू हे असं लिहिलंस, तर माझी मान खाली. सोमवारी नावांची यादी जाणार आहे. सोमवारी सात वाजता माझ्यासमोर एक पान लिही. पान आणि वही एका हाताची दिसली, तर नाव जाईल. नाही तर घरी राहा, दळण-कांडण शिक."

दळण! त्याच हातांनी!

सातवी पास झालेल्या मुलीला अकोल्याला मास्तरणीच्या शिक्षणाला घेतात. मी लहान असताना मुलींच्या शाळेत ललिताबाई मास्तरीण आल्या होत्या. त्यांच्याजवळ काळी छत्री होती आणि मनगटावर घड्याळ. गावातले मोठे मोठे लोक त्यांना वेळ विचारायचे, आणि त्या हात जरासा वळवून सांगायच्या. तो हात वळवणं मला अजून दिसतं. मला तेच पाहिजे. आणि ते आता सोमवारच्या एका पानावर येऊन टेकलं होतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. कारण आत्या म्हणाली, "मंग एकडाव पक्का विलाज करून टाकू," आणि शनिवारी सकाळी अंगणात किन्हीराजा गावचा जगदेव येऊन बसला.

जगदेव म्हणजे डाग देणारा. बैलाचा खांदा सुजला, जगदेवला बोलवा. म्हाताऱ्याची कंबर धरली, जगदेवला बोलवा. लोखंड एकच. त्याने गोवऱ्या पेटवल्या, सळई आत खुपसली आणि चहा पीत बसला. जसं काही भजी तळायची आहेत.

"दोनी मनगटावर तीन-तीन," आत्या म्हणाली. "वात जळून जाते."

"मंग हात कवा हालवता येईन?" मी विचारलं.

"आठ रोज बिलकुल नाई," जगदेव म्हणाला.

आठ रोज! सोमवार परवावर आला होता. "मी नाई देऊ देत," मी म्हणाले. "मी काय बैल आहो?"

जगदेव हसला. "बैल इचारत नाई, पोरी. तो बिचारा उभा राह्यते."

"तुळसा, धर तिले," आत्याने मायला सांगितलं.

मायने मागून माझे खांदे धरले. बाबा दाराच्या चौकटीपाशी जमिनीकडे पाहत उभे. सळईचं टोक लाल झालं, मग त्याहून लाल. आणि तेव्हा मला कळलं की मायचे हात ढिले आहेत. नुसते ठेवल्यासारखे. ती धरत नव्हती.

मी पळाले. पळाले असं म्हणते, पण सकाळचे माझे गुडघे काय पळणार! पाय बांधलेल्या शेळीसारखी मी उड्या मारत गेले, मागून आत्याच्या शिव्या, पुढे कुत्री. रंगाऱ्याच्या गल्लीत वळले, पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले आणि दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. टपटप लाल पाणी माझ्या डोक्यावर.

"कोन हाय?" लुगडं बाजूला झालं. सुगराबी. सैफुद्दीन रंगाऱ्याची बायको. गावातली सगळी पोरं तिला खाला म्हणतात. "शालिग्रामभाऊची पोट्टी ना तू? काहून लपून राह्यली?"

"डाग देऊन राह्यले मले. मनगटाले."

तिने हात पुसले, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. इकडे तीन, तिकडे तीन. चिंचोक्यांएवढे पांढरट डाग.

"या जगदेवच्या बापानं देल्ले. मी तवा वीस सालची."

"मंग? दुखनं गेलं?"

"डाग बी राह्यले, दुखनं बी राह्यलं. अंदर आग होती, वरून आनखी आग देल्ली. आगीनं कदी आग मरते काय, बेटा?"

तेव्हा मी तिची बोटं नीट पाहिली. आजवर रंगच पाहिला होता. सगळी बोटं करंगळीच्या अंगाला कलली होती, वाऱ्याने एका बाजूला पाडलेल्या ज्वारीसारखी. पेरांवर गाठी. आणि याच हातांनी ही बाई नऊवारी लुगडी पिळते!

"खाला, या हातानं तू पिळते कशी?"

"सकाळी नाई पिळत. सकाळी हे हात माझे नसतेत."

हे वाक्य माझं होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून कोणी ऐकलं नसतं, आणि ही बाई ते इतकं सहज बोलून गेली, जसं काही आज शनिवार आहे एवढंच सांगतेय.

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. जातं, घड्याळ समजणारा रोग, गुरुजी, सातचं पान. ती ऐकत ऐकत मला चुलीपाशी घेऊन गेली. तिथे तांब्याच्या घंगाळात साधं पाणी वाफाळत होतं.

"दिवस निघाच्या आंदी मी हे पानी ठेवतो. रंग मागून. टाक हात. कोपरापर्यंत."

"सगळे म्हनतेत पानी वैरी हाय. हालवू नको म्हनतेत."

"सगळ्याइचे हात दुखतेत काय?"

मी चिंध्या सोडल्या आणि हात टाकले. आधी ठणका असा उठला की मी खालाच्या सात पिढ्या आठवल्या. तिने माझ्या हातात एक फडकं दिलं. "गुपचूप बसू नको. चुरगाळ. सोड. पुन्हा चुरगाळ. हाताले उठवा लागते. लेकराले उठवत नाई आपुन? मारून नाई उठवत, अन् निजू बी नाई देत."

चुरगाळलं. सोडलं. पहिल्यांदा फडकं माझ्या मुठीत मावेना, म्हणजे मूठच होईना. खाला तिकडे रंगाच्या पुड्या सोडत होती आणि मधेच ओरडत होती, "थांबली काय? थांबू नको." पाणी निवालं तसं तिने आणखी ओतलं. आणि मग, माय शप्पथ, करंगळी उघडली. मग तिच्या शेजारची. दुखत होतं, नाही असं नाही, पण ते दुखणं आता माझ्यावर बसलेलं नव्हतं, बाजूला सरकून बसलं होतं. मी अंगठा आणि मधलं बोट जुळवलं आणि चुटकी वाजवली.

वाजली! सकाळी! दीड वर्षात पहिल्यांदा!

मी पुन्हा वाजवली. मग दोन्ही हातांनी वाजवली. आतून सैफुद्दीन चाचांचा आवाज आला, "कोन तमाशा लावून राह्यलं?"

"पोट्टी हाय. वाजवू द्या तिले," खाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू बोलली. "आइक, मी झूट नाई बोलत. हे जात नाई. मले बीस साल झाले, गेलं नाई. काही दिवस पानी बी आइकत नाई. पन बहुत करून सकाळ माझ्या हातात येते. थेवढंच."

तेवढंच मला पाहिजे होतं.

थोड्या वेळाने बाबा शोधत आले. "चाल घरी. जगदेव गेला. म्हने धरून देल्लेला डाग लागत नाई, पोरगी राजी पाह्यजे." मी त्यांच्यापुढे हात उघडा करून धरला, पाची बोटं. बाबांनी माझा हात पाहिला. मग खालाची मनगटं पाहिली. 'हं' सुद्धा म्हणाले नाहीत.

आत्या मात्र म्हणाली. पुष्कळ म्हणाली. रंगाऱ्याच्या घरचं पाणी, जातधर्म, वाताला पाणी म्हणजे आगीत तेल, सगळं म्हणून झालं. रविवारी पहाटे मायने माझ्यासाठी चुलीवर पाणी ठेवलं, तर आत्याने ते उचलून म्हशीपुढे ओतलं. मी चिडून म्हणाले, "खालाकडं माझे हात उघडले! तू पाह्यलं नाई म्हनून खोटं काय?"

आत्या थांबली. आणि गोड आवाजात म्हणाली, "उघडले? बरे झाले? मंग उद्या सोमवारचं दळन तुयाकडं. पायली ज्वारी. दळल्याबिगर दाराबाहेर पाय नाई टाकाचा. मी वसरीवर बसतो माळ घेऊन. जात्याचा आवाज बंद झाला का मले समजते."

बघा कसं धरलं मला! हात दुखतात म्हणावं तर शाळा गेली. दुखत नाहीत म्हणावं तर दळण आलं.

सोमवारी पहाटे मी जात्यासमोर बसले. बाहेर वसरीवर आत्याची माळ सुरू. मी खुंट्याला हात लावला. बोटं खुंट्याभोवती वळेनात. मनगटाने ढकलून पाहिलं, कोपराने ढकलून पाहिलं. जातं अर्धा फेरा फिरून थांबलं.

"काय वं, निजली काय?" बाहेरून आवाज.

पुन्हा अर्धा फेरा. ज्वारीचे चार दाणे फुटले असतील. झरोक्यातून उजेड यायला लागला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं, रागाचं होतं. आणि तेव्हा मागून कोणीतरी माझी काख धरून मला उठवलं.

माय होती. माझी माय आठवड्यातून दहा वाक्यं बोलत असेल. त्यातली दोन तिने त्या वेळी खर्च केली.

"मांगच्या दारानं जाय. जातं बंद नाई पडत."

ती बसली आणि खुंटा धरला. घरघर सुरू झाली, मोठी, एका लयीत. बाहेर आत्याचा आवाज आला, "हां! आता कशी आली लायनीवर!"

मी मागच्या दाराने, गोठ्यातून, गल्लीत. शेळीच्या उड्या. खालाच्या अंगणात पोचले तेव्हा सूर्य देवळाच्या कळसावर आला होता. आणि घंगाळ पालथं पडलेलं.

"मले वाटलं तू नाई येत आता," खाला म्हणाली. "अनसिंगच्या लग्नाचे लुगडे हायेत, चुलीवर रंग चढवला. साधं पानी तापवाले घंटाभर लागन."

शाळेची पहिली घंटा झाली. दोन घंटांमध्ये फार वेळ नसतो. चुलीवरच्या भांड्यात हिरवा रंग होता. गर्द, पोपटाच्या पाठीसारखा. वाफ येत होती.

"हे गरम हाय ना," मी म्हणाले.

खालाने कपाळाला हात लावला. "पागल झाली काय? पक्का रंग हाय. आठ रोज निघत नाई."

आठ रोज. डागाचेही आठ, रंगाचेही आठ. कोणते घ्यायचे ते या खेपेला मी ठरवणार होते.

"थंडं पानी घाल थोडं," मी म्हणाले आणि बाह्या वर केल्या.

तिने खालचं लाकूड ओढलं, एक मडकं थंड पाणी ओतलं, बोट घालून पाहिलं, आणि मग कोणाच्या तरी नवरीचं लुगडंच माझ्या हातात दिलं. "चुरगाळ!"

चुरगाळलं. सोडलं. चुरगाळलं. आज पाणी तितकं ऐकत नव्हतं. उजव्या हाताचं मधलं बोट अडून बसलं. खाला हसत होती आणि माझ्याबरोबर मोजत होती. दुसरी घंटा झाली. मी हात बाहेर काढले. कोपरापासून नखापर्यंत हिरवे. चुटकी वाजवून पाहिली; फुसकी, पण वाजली.

वर्गात शिरले तेव्हा आधी सगळे पोट्टे माझ्या हातांकडे पाहायला लागले. मग मागून एक जण म्हणाला, "राघू आला रे, राघू!" आणि छप्पर उडेल असं हसणं. हसा! मी माझ्या जागी जाऊन बसले आणि दोन्ही हात पुढे ठेवले, सगळ्यांना नीट दिसतील असे. पूर्वी मी ते ओढणीखाली लपवले असते.

"हे काय?" गुरुजी म्हणाले.

"हात, गुरुजी. सांगा, लिहितो."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. वऱ्हाडातील मुख्य पिके, काळी जमीन, कापूस, ज्वारी. मी लिहिलं. हळू लिहिलं. अडलेलं बोट वर उचलून, बाकीच्या दोन बोटांत आणि अंगठ्यात टाक धरून लिहिलं. गुरुजी माझ्या खांद्यापाशी उभे राहून पाहत होते. पान संपलं तेव्हा कडेला माझ्या अंगठ्याचा हिरवा ठसा होता.

ते अक्षर बाराचं नव्हतं. सातचंही नव्हतं. साडेअकराचं असेल. वाचता येत होतं, पण मोती नव्हते.

गुरुजींनी पान आणि वही शेजारी धरली. मग मान हलवली. "कस्तुरा, हे बरं आहे. पण वहीसारखं नाही."

मला राग आला, पण तो चांगल्या कामाचा राग होता. मी उठले, गुरुवारचा कोंबडीचा कागद त्यांच्या मेजावरच्या गठ्ठ्यातून काढला आणि तिसरा म्हणून शेजारी ठेवला.

"अक्षर नका पाहू, गुरुजी. वरची रेघ पाहा."

"रेघेचं काय?"

"तुमी रेघ कशी ओढता?"

त्यांनी हवेत बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे, सगळे ओढतात तशी.

"मी आता कशी ओढली? तुमी उभे व्हते ना इथीसा?"

गुरुजी थबकले. त्यांनी पाहिलं होतं. मी आधी एका ओळीतली सगळी अक्षरं लिहिते, आणि मग सगळ्यांची रेघ उलटी ओढते, उजवीकडून डावीकडे. अंगठा बाहेर रेटला की कळ डोक्यात जाते; आत ओढला की कमी दुखतो. त्यामुळे माझी रेघ उजवीकडे जाड निघते आणि डावीकडे बारीक होत जाते. दीड वर्षापासून. बारा वाजताही, सात वाजताही. सवयच झाली.

त्यांनी चष्मा पुसला. वही उजेडात धरली, एकेक ओळ पाहिली. उजवीकडे जाड. पान: उजवीकडे जाड. कोंबडीचा कागद, शाईचे डाग, वाकडीतिकडी अक्षरं, आणि वर रेघ: उजवीकडे जाड.

"मुनीमजी अशी ओढतेत काय, गुरुजी?"

पोट्टे माना उंचावून पाहत होते.

"नाही," गुरुजी म्हणाले. "कोणीच अशी ओढत नाही." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिलं. रंगाकडे नाही, हातांकडे. पेरांकडे, अडलेल्या बोटाकडे. "हे रोज असतं?"

"रोज. गुरुवारचा कागद बी माझाच हाय, त्याची लाज नाई मले. थो सकाळचा हात हाय. हा आजचा, उठवून आनलेला. अन् वहीतला दुपारचा. तिनी माझेच."

"परीक्षा तीन तासांची असते. मध्येच हात अडले तर?"

"बाकाखाली गरम पान्याचं घंगाळ ठेवन."

"आणि डिपोटी साहेबांनी विचारलं तर?"

"तर सांगन. साहेबायले बी पाहू द्या."

गुरुजी हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हाललं. त्यांनी यादी ओढली, सगळ्यात शेवटी माझं नाव लिहिलं आणि टाक माझ्याकडे दिला. "सही कर."

मी केली. कस्तुरा शालिग्राम. मग उजवीकडून रेघ. शेजारी हिरवा अंगठाही उमटला, तो काही मी मुद्दाम दिला नाही. पण पुसलाही नाही.

शाळा सुटल्यावर मी मागच्या दाराने गेले नाही. भर रस्त्याने, हात झुलवत, पुढच्या दाराने गेले. वसरीवर आत्या माळ घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर बाबा. आत जातं घरघर घरघर चाललं होतं, पहाटेपासून तसंच. पायलीचं दळण केव्हाच संपलं असणार. माय आता काय दळत होती देव जाणे.

"मी म्हनत व्हतो ना," आत्या बाबांना सांगत होती, "नुस्तं नखरे व्हते पोट्टीचे. पाहा, कशी दळून राह्यली सकाळपासून! एकडाव बी थांबली नाई. हाताले काई झालेलं नाई तिच्या."

मी पायरीवर उभी राहिले. दोन्ही हात कोपरापासून वर केले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "माझं नाव गेलं यादीत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं, जिथून आवाज येत होता. माळेचा मणी तिच्या बोटांत तसाच राहिला.

"मंग..." ती म्हणाली, "मंग दळून कोन राह्यलं?"

बाबा म्हणाले, "हं." आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा मी त्यांना तोंडावर उपरणं धरून हसताना पाहिलं.

आत जातं थांबलं.